लुई जॉर्डन : हसविणाऱ्या कलावंताचे मोल

जाझ संगीताचा कोणताही जाडजूड इतिहास उघडावा, म्हणजे कोलमन हॉकिन्स, चार्ली पार्कर, जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकांवर पानेच्या पाने लिहिलेली आढळतात. त्याच इतिहासात लुई जॉर्डन या वादक-गायकाच्या वाट्याला पुष्कळदा एखादा परिच्छेद येतो, आणि त्यातही वादनापेक्षा त्याच्या गमतीदार गाण्यांचाच उल्लेख अधिक. वास्तविक अमेरिकेतील कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीच्या ध्वनिमुद्रिकांची जी यादी ‘बिलबोर्ड’ हे साप्ताहिक १९४२ पासून छापू लागले, तिच्यात पुढील आठ-नऊ वर्षांत जॉर्डनच्या १८ मुद्रिका पहिल्या क्रमांकावर पोचल्या. त्या सर्वांचे पहिल्या क्रमांकावरील आठवडे मोजले तर ते ११३ भरतात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ. एवढी लोकप्रियता आणि एवढी उपेक्षा एकाच माणसाच्या वाट्याला का यावी? आमच्या मते याचे मुख्य कारण एकच आहे. जॉर्डन लोकांना हसवीत असे, आणि हसविणाऱ्याला थोर म्हणण्यास टीकाकारांची जीभ सहसा वळत नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरता किंवा जाझपुरता नाही, म्हणूनच आम्ही तो या पानांवर घेत आहोत. लहान समाजात हसविणाऱ्याकडे नेहमीच दोन नजरांनी पाहिले जाते. समारंभात त्याच्या नकलेला सर्वांत मोठ्या टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘आपल्याच लोकांचे हसे केले’ असा ठपकाही त्याच्यावरच येतो. हा ठपका केव्हा रास्त असतो व केव्हा नसतो, याचा विचार करण्यास जॉर्डनइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

जॉर्डनचा जन्म ८ जुलै १९०८ रोजी आर्कन्सॉ राज्यातील ब्रिंक्ली या लहान गावी झाला. वडील जेम्स आरन जॉर्डन हे संगीतशिक्षक व बँडचे चालक होते. आई त्याच्या लहानपणीच वारली. आधी क्लॅरिनेट व मग सॅक्सोफोन असे त्याचे शिक्षण झाले. तरुणपणी तो ‘रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स’ या फिरत्या मंडळीबरोबर दक्षिणेतील गावोगाव हिंडला. या मंडळीच्या तंबूतील खेळात गाणे, नाच, नकला, विनोदी संवाद असे सर्व काही असे. आपल्याकडील तमाशाच्या फडाची आठवण व्हावी असाच तो प्रकार. तेथे एकाच माणसाला वाद्य वाजवावे लागे, गावे लागे, आणि वेळप्रसंगी सोंगही आणावे लागे. वाद्य, गळा आणि चेहरा ही तीन निराळी कामे नसून एकाच कामाची तीन अवजारे आहेत, ही जी जॉर्डनची पुढील आयुष्यातील खूण, तिचे मूळ आम्हांला या तंबूत दिसते.

१९३६ साली तो न्यूयॉर्कमधील चिक वेब या ड्रमवादकाच्या प्रसिद्ध बँडमध्ये दाखल झाला. हार्लेममधील ‘सॅव्हॉय बॉलरूम’ या भव्य नाचघरात हा बँड वाजत असे, व त्याची मुख्य गायिका होती तरुण एला फिट्झजेराल्ड. जॉर्डन सॅक्सोफोनच्या रांगेत बसे आणि अधूनमधून एखादे गाणे म्हणे. १९३८ मध्ये तो तेथून बाहेर पडला. वेबकडील काही मंडळी, अगदी एलासुद्धा, आपल्या नव्या बँडमध्ये ओढण्याचा त्याचा बेत होता व तो कळताच वेबने त्याला रजा दिली, असे सांगतात. ते कसेही असो, त्याच वर्षी लेनॉक्स अव्हेन्यूवरील ‘एल्क्स राँदेव्हू’ या क्लबात त्याचा स्वतःचा छोटा बँड वाजू लागला, आणि डिसेंबरात ‘डेका’ कंपनीने त्याच्या पहिल्या मुद्रिका काढल्या. पुढे या बँडचे नाव ‘टिम्पनी फाइव्ह’ असे पडले. नावात पाच असले तरी वादक बहुधा सहा-सात असत. जॉर्डनच्या दुकानातील गंमत अशी पाटीपासूनच सुरू होई.

हा छोटेपणाच त्याच्या कर्तृत्वाचा पाया ठरला. त्या दिवसांत नावाजलेला बँड म्हणजे चौदा-सोळा वादक, त्यांचे पगार, त्यांच्या प्रवासाच्या मोटारी, असा सगळा मोठा संसार. जॉर्डनने एक ट्रम्पेट, आपला सॅक्सोफोन, पियानो, बास व ड्रम एवढ्यावरच नाचघर हलवून दाखविले, आणि पुढे त्यात विजेची गिटार घातली. महायुद्धाच्या काळात वादक सैन्यात गेले, पेट्रोल व टायर मिळेनासे झाले. युद्ध संपल्यावर नाचघरांची मिळकत घटली आणि मोठमोठे बँड एकामागून एक मोडले. जॉर्डनचा संसार मात्र सुटसुटीत होता. शिवाय नाणे टाकताच मुद्रिका वाजविणारी ज्यूकबॉक्सची यंत्रे तेव्हा गल्लोगल्लीच्या खाणावळींत आली होती. अशा ठिकाणी गोंगाट असतो. तेथे बारीक कलाकुसर ऐकू येत नाही, परंतु ठसठशीत ठेका आणि स्पष्ट शब्द ऐकू येतात. जॉर्डनने या दोन्ही गोष्टी कसून कमावल्या.

‘डेका’मध्ये त्याच्या मुद्रिकांची देखरेख करणारा मिल्ट गेब्लर याच्याविषयी आमच्या वाचकांना विशेष कुतूहल वाटेल. हा हार्लेममध्ये जन्मलेला यहुदी गृहस्थ. वडिलांच्या दुकानाचे त्याने ‘कमोडोर’ या नावाजलेल्या मुद्रिकांच्या दुकानात रूपांतर केले. बिली हॉलिडेचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारण्याच्या अत्याचारांवरील गाणे तिची नेहमीची कंपनी मुद्रित करण्यास धजेना, तेव्हा १९३९ साली गेब्लरने ते आपल्या छोट्या कंपनीतर्फे काढले. अशा माणसाने जॉर्डनची हसरी गाणी तितक्याच आस्थेने मुद्रित करावीत, ही गोष्ट आम्हांला सूचक वाटते. या दोन तऱ्हेच्या गाण्यांत आपण मानतो तेवढे अंतर नाही, हे त्याला उमगले असावे.

आता जॉर्डनच्या शैलीकडे वळू. तिचा पहिला घटक म्हणजे शफल नावाचा ठेका. त्यात प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे न पडता एक लांब व एक आखूड असे पडतात. त्यामुळे लय किंचित लंगडत, पण जोमाने पुढे जाते. त्याखाली पियानोचा डावा हात बूगी-वूगीच्या फिरत्या स्वरावलीचे जाते दळीत असतो. बहुतेक रचना बारा बारांच्या ब्लूजच्या घाटाच्या, म्हणजे श्रोत्याला आधीपासून पाठ असलेल्या. आमच्या पिढीतील ज्या वाचकांच्या कानांत मुंबईच्या चित्रपटांतील सी. रामचंद्र यांची पाश्चात्त्य ठेक्याची गाणी आहेत, विशेषतः ‘अलबेला’ (१९५१) मधील, त्यांना अशा ठेक्याने पाय कसा आपोआप हलतो हे सांगावयास नको.

दुसरा घटक त्याचे गाणे. जॉर्डनचा आवाज मोठा नाही, गोडही नाही. परंतु शब्दोच्चार इतका स्वच्छ की इंग्रजी बेताचे येणाऱ्यासही गोष्ट समजावी. तो गाताना बोलतो आणि बोलताना गातो. ओळीतील एखादा शब्द ठेक्याच्या जरा आधी टाकून पुढच्या शब्दाला मुद्दाम उशीर लावतो, आणि त्या उशिरातच हशा पिकतो. ‘कॅल्डोनिया’ (१९४५) हे गाणे ऐकावे. उंच, किडकिडीत, मोठ्या पावलांच्या प्रेयसीवर जीव जडलेला प्रियकर तिचे कौतुक शांतपणे सांगत असतो, आणि तिच्या हट्टीपणाचा विषय निघताच तिचे नाव एकदम फाटक्या, उंच स्वरात किंचाळतो. ती किंकाळी विनोदी आहे यात शंका नाही. पण ती नेमक्या मात्रेवर येते, नेमक्या स्वरावर फुटते, आणि लगेच आवाज मूळ पट्टीवर येतो. कितीतरी गायकांनी तिची नक्कल केली. त्यांत किंकाळी आहे, नेमकेपणा नाही.

तिसरा घटक सॅक्सोफोन, आणि येथेच टीकाकारांनी जॉर्डनवर अन्याय केला असे आमचे स्पष्ट मत आहे. तो प्रामुख्याने आल्टो सॅक्सोफोन वाजवी. त्याचा नाद चकचकीत व धारदार, कडेला थोडी खर असलेला. पार्करच्या वादनात स्वरांची लांबलचक, गुंतागुंतीची माळ असते. जॉर्डनचे वाक्य आखूड असते, ते तो पुन्हा म्हणतो, दुसऱ्यांदा शेवट फिरवितो, आणि थांबतो. हे अज्ञान नव्हे. गाणाऱ्याने जेथे शब्द सोडला तेथून वाद्याने तो उचलावा, अशी ही योजना आहे. गाणे थांबून सॅक्सोफोन सुरू होतो तेव्हा माणूस बदलल्यासारखे वाटत नाही. तोच गोष्ट सांगत आहे, फक्त आता शब्दांवाचून. सॉनी रॉलिन्ससारखा पुढील काळातील महान सॅक्सोफोनवादक बालपणीचे आपले पहिले दैवत म्हणून जॉर्डनचेच नाव सांगत असे. हार्लेममध्ये वाढणाऱ्या त्या मुलाने ज्या वादकाचे छायाचित्र पाहून हे वाद्य हाती घेण्याचे ठरविले, तो लुई जॉर्डन. वाद्याला बोलते करणे म्हणजे काय, याचा पहिला धडा रॉलिन्सला येथे मिळाला, असे त्याचे वादन ऐकताना वाटते.

चौथा घटक रंगमंचावरील वावर. सुदैवाने १९४० च्या दशकातील त्याचे लघुपट व ‘बिवेअर’ (१९४६), ‘रीट, पेटाइट अँड गॉन’ (१९४७) यांसारखे चित्रपट उपलब्ध आहेत. विस्फारलेले डोळे, तिरकी मान, लयीत डुलणारा सॅक्सोफोन, आणि ओळीगणिक बदलणारा चेहरा. सर्व काही सहज सुचल्यासारखे. प्रत्यक्षात त्यातील फार थोडे आयत्या वेळी सुचलेले असे. तालमीच्या बाबतीत जॉर्डन अत्यंत करडा होता. वादकांचे कपडे, उभे राहण्याच्या जागा, हातवारे हे सर्व ठरलेले असे. हशा हा अपघाताने पिकत नाही, तो पेरावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

येथवर जॉर्डनच्या बाजूने लिहिले. आता त्याच्यावरील मुख्य आक्षेप मांडू, आणि तो हलका नाही. दक्षिणेतील राज्यांत तेव्हा गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना कायद्याने वेगळे ठेवीत. गोऱ्यांच्या करमणुकीत काळ्या माणसाचे शतकभर जे चित्र होते ते डोळे फिरविणाऱ्या, कोंबड्या चोरणाऱ्या, नाचणाऱ्या विदूषकाचे. अशा स्थितीत एका कृष्णवर्णीय कलावंताने डोळे विस्फारून कोंबड्यांवर आणि मासळीच्या मेजवानीवर गाणी म्हणावीत, हे आपल्याच लोकांची विटंबना करणे नव्हे काय? याच सुमारास बीबॉप पंथाचे तरुण वादक, लोकांना हसविण्याचे काम आमचे नव्हे, आम्ही कलावंत आहोत, असे आपल्या वागण्यातून बजावीत होते. त्यांच्यामागे मोठा अपमान होता आणि त्यांचा बाणा आम्हांला पूर्णपणे समजतो.

इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांना हा आक्षेप परका वाटणार नाही. १९६४ साली एफ्राइम किशोन यांचा ‘सलाह शबाती’ हा चित्रपट आला व देशभर गाजला. पूर्वेकडून आलेला, भरपूर मुलांचा बाप, कामचुकार पण धूर्त असा हा सलाह. लेखक-दिग्दर्शक हंगेरीतून आलेले, आणि भूमिका करणारे हाइम टोपोल हे युरोपीय यहुदी घराण्यातील. चित्रपटात सरकारी अधिकाऱ्यांचीही यथेच्छ टिंगल आहे, हे मान्य. तरीही पूर्वेकडून आलेल्या कितीतरी कुटुंबांना तो पाहताना हसू आले आणि त्याच क्षणी काहीतरी बोचले. आपल्यावरचा विनोद दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना असेच होते. मग तोच विनोद आपल्या माणसाच्या तोंडी आला, म्हणजे आपोआप निर्दोष होतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. म्हणूनच सरसकट निवाडा न करता एकेक गाणे घेऊन पाहावे लागते.

‘एन्ट नोबडी हिअर बट अस चिकन्स’ हे १९४६ मधील गाणे घ्या. ते सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. लिहिले अॅलेक्स क्रेमर व जोन व्हिटनी या जोडीने. त्यामागचा चुटका जुना आहे. खुराड्यात चोर शिरतो, मालक कोण आहे म्हणून विचारतो, आणि आम्ही कोंबड्याच आहोत असे उत्तर आतून येते. जुन्या चुटक्यात हा चोर काळा असे, आणि हसायचे ते त्याच्या मूर्खपणाला. गाण्यात मात्र चोर कोठेच दिसत नाही. बोलतात त्या कोंबड्या. उद्या आम्हांला पुष्कळ कामे आहेत, अंडी घालावयाची आहेत, तेव्हा रात्रीबेरात्री पाय आपटीत येऊ नका, आणि कृपा करून ती बंदूक दुसरीकडे वळवा, असे त्या मालकालाच सुनावतात. जॉर्डन हे शब्द गयावया करीत म्हणत नाही. झोपमोड झालेल्या कष्टकऱ्याच्या त्रासिक सुरात म्हणतो. बंदूक हातात असलेला मालक हास्यास्पद ठरतो, आणि रात्री दारावर थाप पडण्याचा अर्थ ज्यांना माहीत होता त्या श्रोत्यांना यात काय ऐकू आले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

‘सॅटर्डे नाइट फिश फ्राय’ (१९४९) हे त्याहून मोठे काम. मुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापणारी ही एक पूर्ण कथा आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये शनिवारी रात्री दोन मित्र एका घरगुती मेजवानीला जातात. मासळी तळली जात आहे, नाच रंगात आला आहे. इतक्यात पोलीस येतात. धावपळ, लपाछपी, गाडीत कोंबणे, तुरुंग. निवेदक शेवटी कानाला खडा लावतो. सारे इतक्या वेगाने व इतक्या मजेदार तपशिलांनी सांगितले आहे की पहिल्यांदा ऐकताना हसू आवरत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते की या लोकांचा गुन्हा कोणता, हे गाण्यात कोठेच सांगितलेले नाही. आपल्या घरात जमून जेवणे व नाचणे, एवढ्यावरून माणसे गाडीत भरली जातात, आणि कोणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही. ‘स्ट्रेंज फ्रूट’ ऐकून माणूस गप्प होतो. हे गाणे ऐकून तो नाचतो, आणि मग गप्प होतो. दोन्ही मार्गांनी सत्यच सांगितले जाते.

तिसरे उदाहरण ‘बीन्स अँड कॉर्न ब्रेड’ (१९४९). घेवडा आणि मक्याची पोळी यांचे भांडण होते, हाणामारीपर्यंत जाते, आणि शेवटी आपण एका ताटातले आहोत, बरोबरच राहिले पाहिजे, असा समेट होतो. जॉर्डन हे चर्चमधील प्रवचनकाराच्या थाटात म्हणतो. एक विधान करावयाचे, सोबत्यांनी हुंकार द्यावयाचा, मग आवाज चढवीत दाखल्यांवर दाखले देत जावयाचे. आपल्या समाजात गेल्या शतकाच्या आरंभीही मराठी कीर्तने होत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावणाऱ्या त्या कीर्तनकारांविषयी ज्यांनी वडिलांकडून ऐकले असेल, त्यांना ही रीत चटकन ओळखू येईल. श्रोत्याला आधी हसवून जागे करावे, आणि तो जागा झाला की बोधाची गोष्ट सांगावी.

तथापि जॉर्डनची सर्वच गाणी या कसोटीस उतरतात असे नाही. ‘बिवेअर’ सारख्या गाण्यांत तो पुरुषांना स्त्रियांच्या डावपेचांपासून सावध राहण्याचा उपदेश करतो. ठेका उत्तम, शब्दफेक उत्तम, पण विनोद शिळा, आणि ज्यांची थट्टा चालली आहे त्या स्त्रियांना गाण्यात उत्तर देण्यास जागाच नाही. कोंबड्यांना बोलू देणारा हा कलावंत येथे स्त्रियांना बोलू देत नाही. एला फिट्झजेराल्डबरोबर त्याने जी युगुलगीते गायिली, उदाहरणार्थ ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’, त्यांत हा दोष जातो. कारण समोर तोडीस तोड बोलणारी बाई उभी असते, व जॉर्डनला ऐकून घ्यावे लागते. हसविणाऱ्याला समोरून उत्तर मिळाले की त्याचा विनोद सुधारतो, असा नियम यावरून बांधण्यास हरकत नाही.

दुसरी उणीव आम्हांला अधिक खटकते. १९४६ मधील ‘डोन्ट लेट द सन कॅच यू क्रायिन’ या संथ गाण्यात जॉर्डनने दुःखाला हात घातला आहे. तेथे चेहऱ्याचे खेळ नाहीत, किंकाळ्या नाहीत. साधा, जरा थकलेला आवाज, आणि वियोगाची गोष्ट. हे त्याला उत्तम साधते. परंतु या वाटेने तो फार थोडा गेला. पुढे रे चार्ल्सने हेच गाणे गायिले व त्याला अधिक खोल नेले. लोकांनी आपल्याकडून हशाचीच अपेक्षा धरली आहे हे ओळखून जॉर्डनने दुसरी दारे जवळजवळ बंदच ठेविली. मोजक्या जाणकारांसाठी नव्हे तर सर्व लोकांसाठी वाजवावयाचे, हा त्याचा बाणा होता व तो आदरणीय आहे. पण लोक रडण्यासही तयार असतात, यावर त्याने अधिक विश्वास ठेवावयास हवा होता.

उतरण लवकर आली. १९५१ साली, सगळीकडे मोठे बँड मोडत असताना, त्याने मोठा बँड उभारला. तो टिकला नाही. आपल्या छोटेपणाचे सामर्थ्य ज्याने जगाला दाखविले, त्यालाच मोठेपणाचा मोह पडावा, ही आश्चर्याची गोष्ट. १९५४ च्या प्रारंभी ‘डेका’शी त्याचा संबंध संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच कंपनीत मिल्ट गेब्लरने बिल हेली या गोऱ्या गायकाकडून ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित करून घेतले. जॉर्डनच्या शफलची लय हेलीच्या वादकांकडून काढून घेतल्याचे गेब्लरने पुढे उघडपणे सांगितले आहे. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) या गाण्याच्या आरंभीची जगप्रसिद्ध गिटार ऐकावी, आणि मग जॉर्डनच्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन’ (१९४६) मधील कार्ल होगनची गिटार ऐकावी. स्वर जवळजवळ तेच आहेत. रॉक अँड रोलची जी इमारत उभी राहिली तिच्या पायात जॉर्डनचे दगड आहेत. त्या इमारतीत त्याला मात्र खोली मिळाली नाही. चाळिशी उलटलेल्या, टोपी घातलेल्या, गोष्टी सांगणाऱ्या माणसापेक्षा नव्या पिढीला तरणीताठी पोरे हवी होती.

येथे गेब्लरला दोष देण्याचा मोह होतो. आम्ही तो देत नाही. ठेका कोणाच्या मालकीचा नसतो, आणि बेरीनेही ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. दोष द्यावयाचा तर ज्या बाजारात तीच वस्तू गोऱ्या हातांनी दिली असता दहापट किमतीला जाते, त्या बाजाराला द्यावा. जॉर्डन मात्र वाजवीत राहिला. १९५६ साली क्विन्सी जोन्सच्या वाद्यरचनेसह त्याने आपली जुनी गाणी ‘मर्क्युरी’ कंपनीसाठी नव्याने मुद्रित केली, आणि ती ऐकताना धार कमी झाल्याचे कोठेही जाणवत नाही. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस बार्बरच्या बँडबरोबर, १९७३ मध्ये फ्रान्समध्ये, असे त्याचे मुद्रण चालू होते. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ६६ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

मरणोत्तर मान बराच मिळाला. १९८७ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्याला पूर्वसूरी म्हणून स्थान दिले. क्लार्क पीटर्स यांचे ‘फाइव्ह गाइज नेम्ड मो’ हे त्याच्या गाण्यांवर बेतलेले नाटक लंडनमध्ये १९९० पासून काही वर्षे चालले, व १९९२ मध्ये ब्रॉडवेवर गेले. १९९९ साली बी. बी. किंगने त्याच्या गाण्यांचा एक पूर्ण संग्रह काढला. हे सर्व योग्यच झाले. परंतु या गौरवातही जॉर्डन पुष्कळदा रॉक अँड रोलचा आजोबा म्हणूनच येतो. नातू मोठा निघाला म्हणून आजोबांची तसबीर लावावी, तसे हे आहे. आमचे म्हणणे असे की नातवंडे झाली नसती तरीही हा गृहस्थ मोठाच होता. सॅक्सोफोन, गळा, चेहरा व कथा यांचा इतका एकजीव मेळ घालणारा दुसरा कलावंत जाझमध्ये आम्हांला दिसत नाही. फॅट्स वॉलरने पियानोवर व लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेटवर जे केले, त्याच पंक्तीत याला बसवावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या लोकांवर विनोद करणारा त्यांचा अपमान करतो काय? जॉर्डनच्या गाण्यांवरून आम्ही तीन प्रश्न विचारावयास शिकलो. गाण्यात हसे कोणाचे होते, बंदूकवाल्याचे की कोंबड्यांचे? ज्याच्यावर विनोद आहे त्याला बोलण्यास जागा ठेवली आहे काय? आणि हसून झाल्यावर, आपण उघडे पडलो असे वाटते, की कोणीतरी आपल्याला ओळखले असे वाटते? या तीन प्रश्नांना जो विनोद उतरतो तो परक्यांच्या देखत केला तरी बिघडत नाही. जो उतरत नाही तो घरच्या घरातही वाईटच. हार्लेममधल्या श्रोत्यांना हे पुस्तकी टीकाकारांपेक्षा आधी कळले होते, म्हणूनच त्यांनी आपली नाणी त्या यंत्रांत टाकली.

वाचकहो, आज इस्राएलमधील कितीतरी तरुण जाझ शिकतात, आणि त्यांपैकी काहींनी न्यूयॉर्कमध्येही नाव काढले आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी पार्कर व कोल्ट्रेन यांचे कठीण पाठ गिरवीत असेल, तर त्यांच्या हाती लुई जॉर्डनही अवश्य द्यावा. प्रथम ‘चू चू च’बूगी’ (१९४६) ऐकावे. युद्धावरून परतलेला माणूस आगगाडीने काम शोधीत हिंडत आहे, वर्तमानपत्र चाळीत आहे, आणि त्याच्याजोगी नोकरी त्यात काही सापडत नाही. बेकारीची ही हकीकत अठरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि लोक तिच्यावर नाचले. नंतर ‘फिश फ्राय’च्या दोन्ही बाजू ऐकाव्यात, आणि शेवटी ते संथ, दुःखी गाणे. या तीन मुद्रिका एका बैठकीत ऐकल्यावर, हा नुसता विदूषक होता असे म्हणणारा श्रोता आम्हांला तरी भेटेलसे वाटत नाही.